ओळख पटत नाही

वडगावात माग थांबतात रात्री साडेदहाला,
मग माझं रेकॉर्डिंग.
आज पडद्यावर नुसती पाटी:
हे यंत्र ओळखीचं नाही.

मदरबोर्ड बदलला, एवढंच.
इराप्पानं खडेबाजारातून आणून बसवला.
डबा तोच, उजवीकडचा पोचा तोच,
स्पेसबारवर अंगठ्यानं घासलेली चकाकी तीच.

लायसन जुन्या बोर्डाच्या नावावर आहे.
आधी तिथून सोडवून घ्यायचं होतं म्हणे.
जळालेल्याची सही
आता कुठून आणू?
इराप्पा म्हणाला, गोत्तिल्ल,
आणि स्क्रू-ड्रायव्हर खिशात घालून गेला.

तुंगव्वा माईकसमोर बसलेली.
तिचं अर्धं गाणं आत,
उरलेलं तिच्या खोकल्यामागं.
"माझा आवाज त्यात हाय न्हवं?"
हाय की. उघडत नाही.

"लग्नात नाव बदललं माझं.
रेशनकार्डावर कन्नडात तिसरंच पडलंय.
कुणी कशानंबी हाक मारू दे,
मी ओ देतो."

मग आम्ही आकडे उतरवले,
सुताच्या कोनाच्या पुठ्ठ्यावर.
ती चष्मा लावून वाचायची:
ऐदु, सहा, एंटु, शून्य, परत सहा.
चाळीस आकडे. एक चुकला,
पुन्हा पहिल्यापासून.

कंपनीनं कारण विचारलं.
लिहिलं: मीच आहे, तोच.
खोडलं.
लिहिलं: बोर्ड जळाला.

उत्तर सकाळी सातला आलं:
फक्त एकवार मंजूर.
तुंगव्वा पायावर शाल ओढून जागीच होती.
हेडफोन दिला तिला,
तेवढ्यात शेजारचा पहिला माग सुरू झाला.