पासंग

टाउन हॉलच्या म्युझियममध्ये मी एकतीस वर्षं तिकिटं फाडली,
म्हणून कुणाला गावातलं जुनं काही बघायचं असलं
की माझ्याकडे पाठवतात.
तिलाही पाठवलं. ओर्ली. अश्दोदहून आलेली.
मराठी मात्र पेण-अलिबागकडची, तीही
साठ वर्षं डब्यात झाकून ठेवल्यासारखी:
दवाखान्याला इस्पितळ म्हणणारी.

आधी दाखवला ब्रह्मपुरीच्या मातीतून निघालेला
वीतभर समुद्रदेव, रोमकडचा.
म्हटलं, बघा, लांबून येणारे इथं नवे नाहीत.
ती म्हणाली, आम्ही लांबून नाही हो काका,
घाटाखालून आलो.

रिक्षा करू? नको, चालू या.
वळिवड्याला जायचं का कधी? लढाईच्या वेळी तिथं
पोलंडची माणसं राहून गेली.
ते आम्ही नव्हे.
दसरा चौकात बोर्डिंगं दाखवली,
ही जैनांची, ही लिंगायतांची, ही मुसलमानांची.
तुमचं नव्हतं वाटतं?
आमची पोरंच दोन होती. घरी जेवायची.

आजोबा, हानोख वाकरूळकर,
गुळाच्या बाजारात काटे दुरुस्त करायचे.
पारडी रिकामी टांगून
आधी पासंग काढायचे, मग बोलायचे.
"एवढ्या गावात आपण पासंगालाही पुरणार नाही,"
भावाला लिहिलेलं त्यांचं पत्र तिच्या फोनमध्ये होतं,
पण फोन तिनं दिवसभर काढलाच नाही.
तोंडपाठ म्हणाली.

शाहूपुरीत दुकान सापडलं, म्हणजे नंबर सापडला.
तिनं उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर
बोटं फिरवली.
तिथं खिळ्यांची दोन भोकं असायला हवी होती,
एकाखाली एक.
शटरला असलं काही नसतं.

परतताना गुळाच्या वखारीपाशी थांबली.
मलिद्याला हवा, म्हणाली,
पोहे, नारळ आणि इथलाच गूळ,
एलियाहूच्या नावानं.
लहानसा रवा निवडला, नाकाशी नेला,
आणि पिशवी उघडणाऱ्याला म्हणाली,
बाजूला ठेवा. वजन, पैसे, सगळं उद्या.

हमाल गालातली तंबाखू सांभाळत हसला,
आरं, ह्यो तर वाकरूळकराचा रविवार!

म्हंजे?
मीच विचारलं, तिच्या आधी.

म्हंजे काय न्हाई. शनवारी मापावनं तंटा लागला
की म्हातारी माणसं म्हणायची, ऱ्हाऊ द्या आता,
वाकरूळकराचा रविवार.
कोण हुता? असंल कोणतर तलाठी.

मी तोंड उघडलं.
तिनं नुसती मान हलवली. नको.
इलेक्ट्रॉनिक काट्यावर लाल शून्यं
लुकलुकत होती.
तिनं विचारलं,
उद्या किती वाजता उघडता?