कोरणावळ

नोव्हेंबरात माझ्या दुकानाला बरे दिवस येतात.
पुंटा गोर्डाच्या पुलाखाली, आमिष विकणाऱ्याच्या शेजारी
दहा बाय बाराची खोली, भिंग, छिन्न्या,
दारावर अजून बापाचं नाव: पिन्येरा. अक्षरं कोरून मिळतील.

सोमवारी संघटनेचा माणूस आला.
लिही म्हणाला: जागतिक विजेता, सुपर कॅट.
बुधवारी महासंघाचा. कप वीतभर उंच.
जागतिक विजेता, सुपर कॅट. नाव वेगळं.
शुक्रवारी परिषदेची बाई. तिचा कप गाडीतून
दोघांनी उचलून आणावा लागला.
मी विचारलं, जग तेच ना?
ती हसली नाही. अॅडव्हान्स देऊन गेली.

माझं काय जातं.
अक्षराला सव्वा डॉलर.
जग जितक्यांदा जिंकतील तितकं बरं.

पूर्वी एकच कप असायचा.
बाप कोरायचा, मी भुगा फुंकायचो,
कपाच्या पोटावरून नावं दरवर्षी एक ओळ खाली सरकायची.
मग भांडण झालं. कशावरून, तर
इंजिनाचा घेर, टीव्हीचे पैसे,
कुणाच्या तरी बायकोला समारंभात मागच्या टेबलावर बसवलं.
एकानं नाव नेलं, एकानं शिक्का,
एकानं नोंदींची कपाटं,
ती ओकालाच्या एका गोदामात आहेत,
भाडं थकलंय म्हणून कुलपात.
मूळ कप? तिघंही म्हणतात, आमच्याकडे.

माझ्याकडे आहे.
कान तुटला म्हणून दुरुस्तीला आला होता.
न्यायला कुणी आलंच नाही.

काल वर्नेल स्ट्रिकलंड आली.
तिचा नवरा टॅल्मेज थ्रॉटलवर असायचा.
त्या बोटीत दोघं बसतात, हे काठावरच्यांना ठाऊक नसतं:
एकाच्या हाती चाक, दुसऱ्याच्या हाती वेग.
बोट हवेत गेली की वेगवाला हात आवरतो,
टेकली की सोडतो.
विचारायला वेळ नसतो, भांडायला तर नाहीच.
ताशी दीडशे मैलांना पाणी पाणी नसतं,
फरशी असते.

एप्रिलमध्ये, तिसऱ्या वळणाच्या बोयापाशी.

संघटनेनं कळवलं, सकाळची शर्यत आमची, ही दुपारची.
महासंघानं कळवलं, दुपारची आमचीच,
पण आमची परवानगी चारला संपली.
परिषद म्हणाली, आम्ही फक्त बोये टाकले होते.
विम्याच्या फॉर्मवर एक रकाना आहे: मान्यता देणारी संस्था.
सात महिने तो कोरा.

'चार वाजून सहा मिनिटं,' वर्नेल म्हणाली.
'जन्मात कधी वेळेवर पोचला नाही.'
आणि हसली, आणि मग काउंटर घट्ट धरून उभी राहिली.

तिला बाकासाठी पितळी पाटी हवी होती, तळहाताएवढी.
मी विचारलं, कुठल्या शर्यतीत, ते घालू?
ती दारातून खाडीकडे बघत राहिली.
कुणाची तरी बोट गेली. पांढरी रेघ उठली,
जरा वेळ पाण्यावर राहिली,
मग कुठून कुठे होती तेही सांगता येईना.
काठी मारून पाणी दुभंगत नाही म्हणतात.
'नुसतं नाव घाला,' ती म्हणाली.
अक्षरं मोजून पैसे ठेवले, बरोब्बर.

रात्री शटर ओढून मूळ कप खाली काढला.
शेवटच्या नावाखाली दोन बोटं जागा होती.
टॅल्मेज कधी जिंकला नव्हता.
एकदा तिसरा आला होता, तेही दुसऱ्याचं इंजिन फुटलं म्हणून.
मी खोटं कोरत नाही.
बराच वेळ छिन्नी हातात घेऊन बसलो.
मग लिहिलं: टॅल्मेज स्ट्रिकलंड, थ्रॉटलवर. चार-सहा.

सकाळी वही उघडली.
कोरणावळ कुणाच्या नावावर मांडावी?
पेन झटकलं, रेघ मारली,
आमिषवाल्याकडून कॉफी आणली,
आणि परिषदेच्या कपाला हात घातला.
त्याचं जग अजून अर्धंच कोरून झालंय.