खिळ्यावरचा नान

आमच्या खोऱ्यातून जो निघतो
तो उंबऱ्यात उभा राहून ताज्या नानाचा एक घास तोडतो, दातांनी.
उरलेला नान आई भिंतीवर टांगते.
आलास की पुरा कर, म्हणते.
एवढाच करार. सही दातांची.

मी जीपवाला. बावीस वर्षं
याच लोकांना खाली नेतोय,
गळक्या बोगद्यातून, दुशान्बेच्या विमानतळापर्यंत.
कोण कशासाठी चाललंय ते टपावरच्या सामानावरून कळतं,
निदान बरीच वर्षं मी तसं समजत होतो.

मार्चमधली पोरं हलकी. एक पिशवी, वाळवलेले जर्दाळू,
चुलतभावाचा नंबर कागदावर, तोच पुन्हा मनगटावर.
येकातेरिनबुर्गला विटा चढवतील, बर्फ पडला की परततील.
नुक्राची पेटी मात्र तिघांनी उचलली.
नवरा तिनं फोनच्या काचेतच पाहिलेला, तोही रेंज असेल तेव्हा.
अख्खा घाट ती बोलली नाही.
बोगदा संपल्यावर म्हणाली, समाराला डोंगर असतात का?
असतील, म्हटलं. मला काय माहीत.

एशोनकुल जूनमध्ये मेंढ्या घेऊन वर जातो, सप्टेंबरात उतरतो.
त्याला म्हटलं, तूही दरसाल गाव सोडतोसच की.
मी कुठं जातो? तो म्हणाला.
गवत जातं. मी त्याच्या मागे.

गेल्या पानगळीत सरकारी बाई आली, गुडघ्यावर फॉर्म.
खोलमुरोद का गेला? एकाच चौकोनात खूण करा.
काम, लग्न, शिक्षण, आपत्ती, इतर.
त्याचा बाप विचार करत बसला.
चिखलाच्या लोंढ्यात बटाट्याचं शेत गेलं, हे खरं.
बहिणीचं लग्न तोंडावर होतं, हेही खरं.
मेव्हण्यानं फोटो पाठवला होता, लाल गाडीला टेकून;
गाडी मेव्हण्याची नव्हती, हे मागाहून कळलं.
आणि बापलेक वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते.
हे शेवटचं बाप बोलला नाही. मीही नाही.
बाईचा चहा निवला. तिनं 'काम'वर खूण केली.

माझ्या आईच्या वेळी फॉर्म नव्हता.
हेलिकॉप्टर होतं.
खाली मैदानात कापसाला हात कमी पडत होते.
तासाभरात निघा.
तंदूर तापलेला, पीठ भिजलेलं, ते तसंच परातीत.
कुणी घास तोडला नाही, कुणी नान टांगला नाही,
भिंतींना ठाऊकच नव्हतं कुणाची वाट बघायची.
आई म्हणते, दाणापाणी उठलं की माणूस उठतं.
आमचं उठलं नव्हतं. उठवलं.
पहिल्याच उन्हाळ्यात दोन भावंडं पुरली तिनं,
जिथं पाणी कोमट आणि उभं राहायला सावली नाही.

आणि तरी तीच परतली. अकरा वर्षांनी, चालत.
वाटेत मी झालो, म्हणून मुसोफिर नाव ठेवलं.
नाव मुसोफिर,
आणि या रस्त्यापलीकडे माझं पाऊल नाही.

हे मला अजून सुटत नाही.
ज्यांनी घास तोडला नव्हता, ते आले.
आईच्या भिंतीवर आज तीन नान आहेत, माझ्या धाकट्या भावांचे,
दगड झालेले. अंधारातही हात फिरवून ती सांगते
कुठला कुणाचा.
रुस्तमचा सोपा, त्याचा पुढचा दात तुटका.

फेब्रुवारीत खोलमुरोदला मी वर आणलं.
टपावर नाही. आत, सीटा काढून.
भाडं घेतलं नाही.
त्याच्या आईनं खिळ्यावरून नान उतरवला,
चहात बुडवला,
आणि त्याच्या दातांची खूण होती तिथून सुरू करून
सगळा खाल्ला. कुणाला तुकडा दिला नाही.

काल माझी सफरमो पीठ मळत होती.
एवढं कशाला गं? विचारलं.
असंच, म्हणाली, वर न बघता.

मी बाहेर जाऊन उगाच जीपचं तेल बघून आलो.