माग

सुप्याच्या माळावर कुसळं पायात,
पुण्याहून डॉक्टर निघालेला, आणि मला घाई.
झुंबरअण्णा म्हणाले, बसा सायेब.
विडी संपंस्तोवर तिलाबी बसू द्या,
मागं लागलात तर मरंस्तोवर पळंल.

मग पहिला थेंब, तरवडाच्या पानावर.
हितं चिंधी बांधा. रगतावर पाय नको.

थेंब संपले तिथं मी थांबलो.
ते वाकून मुंग्यांची रांग बघत राहिले.

ओघळीत चिंकारा. मान ताठ,
मांडी कुत्र्यांनी फाडलेली.
डोळं झाका आधी,
माणूस दिसला की काळीज फुटतं तिचं.

जीपमध्ये अण्णा बसले नाहीत.
माझ्या बुटांचे ठसे बघत
उलटे निघाले,
एकेक चिंधी सोडत.