ठिगळ क्रमांक सतरा

दर दुसऱ्या गुरुवारी
उगमाकडून जे काही वाहत आलेलं असतं
ते मी ओढून घेते.
उगम म्हणजे मूळ प्रकल्प:
ऑरेगॉनमधले दोघे-तिघे, टॅलिनमधली एक,
ज्यांनी श्रूजबरी हे नाव ऐकलेलं नाही
आणि ज्यांच्या कोडवर
आमचं काउन्सिल नदी मोजतं.

बाहेर सेव्हर्न खरीच आहे.
वेल्श पुलाखालून तपकिरी, जाड, घाई नसलेली.
वेल्शपूलला चढलेलं पाणी
दिवसाभरात इथे पोचतं.
वरचा बदल कधी पोचेल
ते माझ्या आळसावर.

आमच्या प्रतीला बावीस ठिगळं आहेत.
ह्या खुर्चीत ग्विलिम प्रॉसर बसायचा
तेव्हा एकतीस होती.
आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार, म्हणतात.
इथे आभाळ दुसऱ्यांचं, सुई आपली,
आणि दर पंधरवड्याला आभाळच बदलून येतं.
टाके उसवतात.
पुन्हा ओवायचे त्याच भोकांतून,
जी आता चार ओळी खाली सरकलेली असतात.

कधी पडद्यावर बाणांची रांग उभी राहते.
वर त्यांचं, खाली आमचं,
मध्ये बरोबरच्या चिन्हांचं कुंपण.
मी चहा घेऊन तलाठ्यासारखी बसते,
कोणाच्या किती ओळी ते ठरवते.
(ह्यातून लगेच माझं इथलं असणं, तिथलं नसणं
असलं काही काढू नका.
मी अकोल्याची, एकोणीस वर्षं इथे,
आणि कोड म्हणजे कोड.)

सतरावं ठिगळ प्रॉसरचं.
अकरा ओळी, आणि वर टीप:
काढू नका. ऑक्टोबर. ग्विलिमला विचारा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी
इथे घड्याळं मागे जातात.
रात्रीचा एक ते दोन हा तास
दोनदा येतो.
मूळ कोडला दुसरा तास नक्कल वाटायचा;
फेकून द्यायचं.
एका वर्षी त्या फेकलेल्या तासात
नदी वीतभर चढली.
सकाळी फ्रँकवेलच्या वाहनतळात
सात गाड्या दारापर्यंत बुडालेल्या,
नोंदीत मात्र नदी जागची हललेली नव्हती.
प्रॉसरने ते शिवलं.
सहा वेळा वर पाठवलं.
सहाही वेळा उत्तर:
आमच्याकडे असं होत नाही.

ग्विलिमला विचारा.
फेब्रुवारीत तो गेला.
मेरेरिड, त्याची मुलगी, येऊन
खणातली लाकडी मोजपट्टी घेऊन गेली,
चष्मा विसरली.

ह्या जूनमध्ये सतरावर बाण उभे राहिले.
वर टॅलिनवालीने तेच केलं होतं,
नऊ ओळींत,
प्रॉसरपेक्षा नीटनेटकं.
सहा पत्रांचं तिला माहीत नसावं.
दोन्ही शेजारी ठेवून वाचलं.
खोटं कशाला बोलू,
चूक सापडावी असं वाटत होतं.
सापडली नाही.
मी त्यांचं ठेवलं.
यंत्र म्हणालं:
मग ह्यात काहीच उरत नाही. वगळू?

ठिगळ कमी होणं
ह्यालाच आमच्या धंद्यात यश म्हणतात.
हो दाबलं. डबा उघडला.
भेंडी गार होती.

ऑक्टोबरच्या त्या रात्री जागले.
एक वाजला. सव्वा, दीड, पावणेदोन.
मग पुन्हा एक.
पडद्यावर दुसरी ओळ उमटली,
वेळ तीच, पाणी तीन मिलिमीटर जास्त,
पहिलीच्या खाली, शाबूत.
मी खुर्चीत तशीच बसून राहिले
तो तास संपेपर्यंत.

सोमवारी एक नवं ठिगळ लावलं.
त्यात एकच ओळ, यंत्र न वाचणारी:
हे आधी ग्विलिमने पाहिलं होतं.
कामाची नाही.
वरच्यांनी आसपास काही हलवलं
की अडकते,
माझी दहा मिनिटं खाते.

आज गुरुवार.
अडकलीच.