पन्हळ

मुहर्रकला शिंप्याच्या दुकानावर आमची खोली.
इंटरनेटची वायर आत एकच आली होती,
निळी, खिडकीच्या फटीतून;
उरलेली फट मन्सूर हुर्झुकने वर्तमानपत्राने बुजवली,
वाळू येते म्हणून.

वायर एक, माणसं सहा.
घड्याळ मधे ठेवून वीस-वीस मिनिटांची पाळी.
थंकप्पनची वीस मिनिटं
बायकोचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी जुळेपर्यंत संपायची,
मग तो उठायचा, पुढच्यासाठी खुर्ची पुसून.

राउटर सोळा दिनार.
सोळा दिनार म्हणजे किती, हे आमच्यात कुणी रुपयांत सांगत नाही,
दिवसांत सांगतात.

म्हणून मी जुना कॉम्प्युटर खोलला,
ऑफिसने टाकून दिलेला, एका बाजूचा पत्रा नसलेला,
आत सिमेंटची धूळ.
बाजारातून अडीच दिनारांचा अ‍ॅडाप्टर आणला,
अंगठ्याएवढा, त्याला करंगळीएवढी दांडी.
वायरीतून येईल ते हवेत सोडायचं, काम एवढंच.
एवढ्याला तीन शुक्रवार गेले.

पहिल्या शुक्रवारी ड्रायव्हर मिळेना.
सुभान म्हणाला, मी आहे की, टँकरचा.
दुसऱ्या शुक्रवारी फोनवर नाव दिसलं, पण पाणी नाही.
पाणीच म्हणालो मी.
कुणाला वेगळं वाटलं नाही.

असगोलीला आमच्या वाडीत
पोफळीचं खोड मधोमध चिरून, गाभा काढून
दादा पन्हळ लावायचे.
उतार बोटभर.
जास्त झाला तर पाणी दोणीबाहेर उडतं,
कमी झाला तर वाटेतच शेवाळ धरतं.
दादा यावर काही बोलत नसत.
ओणवे होऊन खालून पाचर ठोकत,
आणि कान देत.

तिसऱ्या शुक्रवारी पाचर सापडली:
कुठल्याशा खिडकीच्या पोटातल्या खिडकीत
एक रिकामी चौकट.
इतरांना या जोडणीतून जाऊ द्यावे?
टिचकी मारली.

कॉम्प्युटरने स्वतःला आकडा घेतला, शेवटी एक.
मग एकेका फोनला पत्ता दिला, दोन, तीन, चार.
लोकबहादूरने विचारलं, हा माझा?
तुझा.
कायमचा?
नाही रे, मुदत असते. संपली की पुन्हा मागायचा.
व्हिसाच की, म्हणाला तो,
आणि चार हा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला.
तोवर आमचा सगळ्यांचा मिळून पत्ता एकच,
कंपनीची पोस्टपेटी.

अट एवढीच, कॉम्प्युटर झोपता कामा नये.
तो रात्रभर घरघरायचा.
मन्सूरही घरघरायचा. सवय झाली.

मग मे महिना.
एसी आणि कॉम्प्युटर एकत्र चालले की फ्यूज उडायचा,
तेव्हा कोण चालणार हे रोज भांडून ठरायचं.
त्या शुक्रवारी कुणी भांडलं नाही.
त्रिशूरजवळ थंकप्पनच्या घराचा स्लॅब पडत होता.
बावीस वर्षं दुसऱ्यांचे स्लॅब ओतलेला माणूस
फोन हातात धरून आमच्या गच्चीवर उभा,
तळपायाला चटके, एकदा हा पाय, एकदा तो,
आणि ओरडतोय मल्याळममध्ये:
त्या कोपऱ्यात माल कमी पडलाय,
कोपऱ्यात, अरे कोपऱ्यात!
शब्द कळत नव्हते. कोपरा कळत होता.

खाली खोलीत एसी बंद.
आम्ही बनियनवर, पाठी भिंतीला चिकटलेल्या.
उघड्या कॉम्प्युटरला मी फाइलच्या पुठ्ठ्याने वारा घालत होतो,
तापून बंद पडू नये म्हणून.
हात दुखला की सुभान.
सुभान दमला की लोकबहादूर.
पुन्हा पाळीच, पण कुणी घड्याळ मांडलं नाही.

दुपारनंतर गच्चीवरचा आवाज थांबला.
गेलं नेट? मी वर धावलो.
थंकप्पन टाकीच्या सावलीत बसला होता,
फोनमध्ये ओला, करडा, सपाट चौकोन,
कडेला कुणीतरी उदबत्ती लावलेली.

पाणी मारायला सांगा म्हणावं, एकवीस दिवस, म्हणाला,
जसं काही मीच तिकडे जाणार होतो.

खाली आलो तेव्हा एसी चालू होता,
आणि कॉम्प्युटर बंद,
त्याच्या गरम टपावर सुभानचे मोजे वाळत टाकलेले.