नंबर

वर्षातून तीनच दिवस उघडतो किल्ला.
बाकीचे दिवस माझ्या दुकानाच्या डोक्यावर
किल्ली हरवलेल्या पेटीसारखा पडून असतो.

मोदी नंबर दोनला चष्म्याचं दुकान, एकतीस वर्षं.
गिऱ्हाइकाला म्हणतो, वर पाहा, आता खाली.
आपण मात्र कधी वर पाहिलं नाही.
सव्वीस जानेवारीला दुकान बंद,
आणि बंद दिवशी मी झोपतो.

यंदा अमरावतीहून भाची आली, शर्वरी.
मामा, किल्ल्याच्या पायाशी राहता
अन् किल्ला पाहिला नाही? काऊन?
काऊनला उत्तर नव्हतं, म्हणून निघालो.

नंबर लावला.
रांगेचं शेपूट पार मेट्रोच्या खांबापर्यंत,
पोरी दुपट्ट्यात तोंड गुंडाळून, नुसते डोळे,
पोरांच्या गालांवर तिरंगा, तो घामाने नाही, धुळीने फिका.
चणेवाल्याचा जनरेटर फटफटत होता.
मागे कुणीतरी खोकलं,
आणि तो खोकला माणसामाणसातून
रांगेपेक्षा भरभर पुढे गेला.

वर तोफा होत्या, पाट्या होत्या, इंग्रजांची थडगी होती.
एका तोफेच्या तोंडात
कुणी कुरकुऱ्याचं पाकीट कोंबलेलं.
जवानाने ते काढलं, चार घड्या घातल्या,
खिशात ठेवलं. बोलला काही नाही.

पण किल्ला पाहत कोण होतं?
सगळे कठड्याला चिकटलेले, किल्ल्याकडे पाठ करून,
आपापलं घर शोधत.
ते सदर ना? हट, ते तर हॉस्पिटल.
अंबाझरी कुठी गेलं बे?
शहर होतंच खाली, यात शंका नाही,
आवाज येत होता त्याचा.
दिसत होतं ते मात्र
राख कालवलेल्या ताकासारखं काहीतरी.

शेजारच्या बाईंनी माझी बाही ओढली.
यमुनाबाई नंदनवार, गोळीबार चौक, हातमागावर जन्म गेला,
हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, मग दम लागला.
बापा, आमचं घर कुठी येते?
मी पूर्वेला बोट दाखवलं.
तिकडे तं काहीच नाही.
मोतीबिंदूचे पैसे पाण्यात गेले का माहे?

चष्मा मागून घेतला. धंद्याची खोड.
उजेडात धरला, खिशातल्या पिवळ्या फडक्याने पुसला,
काचेला ओरखडा नाही, काडी सरळ.
मावशी, नंबर बरोबर आहे तुमचा.
मग?
हा दुसरा प्रश्न त्या दिवसातला,
ज्याचं उत्तर माझ्या दुकानात मिळत नाही.

बाईंनी वाट नाही पाहिली.
कठड्यावर बोटभर काळी धूळ साचलेली,
तिच्यातच काढायला लागल्या:
हे टेशन. हा पूल. हे गांधीबाग.
इथून वळलं का मारुतीचं देऊळ, अन् हे आमची गल्ली.
ठिपका दिला. हे मी.
शर्वरीने काढलं मेडिकल, तिचं होस्टेल होणार तिथलं.
एका पोराने शाळा काढली, शाळेपेक्षा मोठा फुटबॉल.
घरावर घर चढलं, नद्या रस्त्यांना कापून गेल्या,
कुणाचंच कुणाशी माप जुळेना.

जवान आला, चलो चलो, आगे बढ़ो.
मग थबकला,
वाकून पाहिलं,
आणि कठडा संपतो त्या कोपऱ्यात, फार लांब,
बोट टेकवून उचललं.
आगे बढ़ो, म्हणाला पुन्हा, जरा हळू.

निघता निघता मी सरळ खाली पाहिलं.
एवढं एकच स्पष्ट दिसत होतं,
माझ्या दुकानाचं छप्पर.
टिनावर संक्रांतीचे फाटके पतंग, सतरा-अठरा तरी,
जुन्या मांज्याची गुंतवळ,
संत्र्याची वाळकी सालं,
लहान मुलाची एकच निळी चप्पल.

एकतीस वर्षं
मी याच्या खाली बसून
लोकांना शेवटची ओळ वाचायला लावतो.

उद्या शिडी लावून चढीन म्हणतो.